सलूनवाल्या आजोबांचा गुलाब

प्रिय आत्या,

तुझ्या पायांना लांबूनच हात लावते. गुडघे काय म्हणतायत? पोचल्याचं पत्र आज टाकते, उद्या टाकते करता करता पाच आठवडे उलटले. कारण निव्वळ आळस.

उतरले होते दोन दिवसांसाठी. पिशवीचा बंद तुटला, सुईदोरा मागायला एका बंद सलूनच्या मागच्या अंगणात शिरले, तर तिथे एक आजोबा गुलाबाच्या मुळाशी केस पुरत होते. माणसांचे. मी पळायच्याच बेतात होते. पण त्यांनी बसवून सांगितलं की केसांसारखं खत नाही. चाळीस वर्षं दुकानातला केर या झाडाला घातला, आणि ते असं फुलायचं की गिऱ्हाइकं खुर्चीतूनच विचारायची, यातलं आमच्या केसांचं फूल कुठलं? (एक टकले मास्तरही हक्क सांगायचे म्हणे.) आजोबांनी दुकान बंद केलं, केस थांबले, फुलंही थांबली. तेव्हापासून ते घरोघर जाऊन फुकट केस कापतात आणि कापलेले मागून आणतात. गल्लीत एकाचेही केस कानाखाली उतरत नाहीत. इतकं करून मुलानं बजावलंय, या महिनाअखेरपर्यंत कळी नाही आली तर झाड उपटून स्कूटरसाठी फरशी घालणार.

अशा माणसानं "तुला यातलं काही कळतं का?" विचारलं तर नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, मला गुलाबातलं कळतं, आणि त्यांच्याच अंगणाकडच्या खोलीत मुक्काम ठोकला.

बुंध्याशी जाडजूड, हिरवेगार फुटवे होते आणि मधे एक खरबरीत म्हातारी फांदी. मी सांगितलं, फुटवे राखा, म्हातारी उडवा. आत्या, ती छाटणी तू पाहायला हवी होतीस. झाडाभोवती पांढरा कपडा बांधला, कात्री आधी हवेत दोनदा वाजवली, आणि "बाजूनं किती कमी करू?" हे मला नाही, झाडाला विचारलं. असा हात मी कुणाचा पाहिला नाही. एका कामात चाळीस वर्षं काढली की येत असेल. (मी एका गावात चाळीस दिवस काढत नाही, पण ते असो.)

फुटवे भिंतीवर गेले, कळीचा पत्ता नाही. परवा खाली वाकून पाहिलं तर सगळे कलमाच्या जोडाखालून आलेले, म्हणजे ज्या रानगुलाबावर कलम बांधलं होतं त्याचे. रानटी. खरा गुलाब ती म्हातारीच होती, आणि तिचा बोटभर खुंट उरलाय. त्यावर एक तांबडा डोळा फुटतोय. आजोबांना सांगायचा धीर होत नाही. आज सकाळी ते त्या रानटी फांद्यांचा भांग पाडत होते गं.

लोभ आहेच, राग किती ते कळव.

तुझी,
पायाला चाक लागलेली भाची

ता. क. फुटवे कापू की मुळातून ओढून काढू? खुंट वाचेल का? महिन्याचे अकराच दिवस उरलेत.

ता. क. दुसरा. तुझ्या रोपवाटिकेत मी तीन वर्षं काम केलं, असं आजोबांना सांगितलंय, पत्त्यासकट. (सुट्टीत दुपारी तिथेच झोपायचे, म्हणजे अगदीच खोटं नाही.) कुणी विचारलं तर हो म्हण.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच फाटक वाजलं. खिडकीतून पाहते तर तू! आजोबा म्हणतायत, मी रोपवाटिकेच्या पत्त्यावर टाकलेलं कार्ड पोचलं वाटतं. तू सरळ गुलाबाशी जाऊन वाकलीस आणि विचारलंस, "वरचं छाटून खालचं वाढवायची अक्कल कुणाची?" आजोबांनी एकदा खिडकीकडे पाहिलं.

"माझी," ते म्हणाले. "पोरगी नको नको म्हणत होती."

पत्र हातात घेऊनच बाहेर येतेय.