सावधान! पुढे आंधळा वळतो

घाटंजी, ता. १४ फेब्रुवारी १९५८

तीर्थरूप किसनराव भाऊजींच्या सेवेशी,

धाकटा मेव्हणा बापूजी याचा दंडवत पोचावा. तुमची कंबर आता कशी आहे? अक्काचा खोकला थांबला असेल असे धरून चालतो (थांबला नसल्यास तिने त्याचा राग माझ्या पत्रावर काढू नये). इकडे सर्व कुशल; फक्त आमच्या सडकेच्या ऑफिसची अब्रू तेवढी गेली.

झाले असे, की पांढरकवड्याच्या सडकेवरल्या वळणावर मागल्या महिन्यात कापसाची बंडी आणि ट्रक समोरासमोर आले. बैल वाचले, कापूस नाल्यात गेला. वरून इंग्रजीत हुकूम आला, तिथे 'ब्लाइंड टर्न'ची पाटी लावा, पण मराठीत. आता इंग्रज माणूस मोठा उदार. त्याच्याकडे डोळे नसलेला माणूस आंधळा, पुढचे दिसू न देणारे वळण आंधळे, बंद गल्ली आंधळी, खिडकीचा पडदासुद्धा आंधळा, आणि साहेबाने पाहून न पाहिल्यासारखे केले तर त्याने म्हणे आंधळा डोळा फिरवला (हे सारे मी मागाहून डिक्शनरीत पाहिले). आमच्या हबीब पेंटरने मात्र ठसठशीत अक्षरांत रंगवले : 'सावधान! पुढे आंधळा वळतो.'

त्याच वळणावर निंबाखाली उकंडा नावाचा दोरवाला बसतो. जन्माचा आंधळा, पण अंबाडीचे दोर असे वळतो की डोळसाने लाजावे. लोकांना वाटले, सरकारने त्याच्या दोरांची जाहिरात केली. बंड्या, सायकली, तुमच्या नेरकडची एक वरातसुद्धा ऐन वळणावर थांबू लागली. पूर्वी तिथे चालत्या गाड्या आदळत, आता उभ्या आदळू लागल्या. पण दोर कोणी घेईना; 'आंधळा' एवढेच वाचून येणारा-जाणारा त्याच्या मांडीवर भाकर ठेवून हात जोडी. चौथ्या दिवशी उकंडा काठी टेकत ऑफिसात आला.

"साहेब, मी आंधळा आहो हे गावाले ठाऊक आहे," तो ओव्हरसियरला म्हणाला, "ते सरकारनं लिहून कायले ठेवलं? अन् लिहिलं त लिहिलं, सावधान कायले? मी काय कोनाले चावतो?"

ओव्हरसियरने त्याला समजावले, की पाटी पास झाली आहे आणि पास झालेली पाटी चूक नसते. मोठे साहेब तपासणीला येईपर्यंत त्याने जागा सोडू नये, उलट पाटीच्या बरोबर खाली बसावे, म्हणजे मजकूर खरा ठरेल. उकंडाचा चेहरा उतरला, हे मला दिसले (मी फायलीत पाहत होतो, तरी दिसले).

मोठे साहेब आले. त्यांना मराठी येत नाही. ओव्हरसियरने इंग्रजीत सांगितले, पाटी ही, आंधळा हा. साहेबांनी दोघांकडे पाहून मान हलवली आणि जीप वळवायला सांगितली. जीप आडवी झाली तोच उकंडा म्हणाला, "थांबा. पांढरकवड्याकून ट्रक येऊन राह्यला." आम्हा चार डोळसांना काहीच दिसत नव्हते. ड्रायव्हरने तरी जीप मागे घेतली, आणि ट्रक साहेबांच्या टोपीला वारा घालून गेला. साहेबांनी टोपी सावरली. मग त्यांनी शेरा लिहिला : पाटी अत्यंत उपयुक्त ठरली.

दुसऱ्या दिवशी उकंडाने अंबाडी गुंडाळली आणि तो बाजारात हबीबच्या दुकानासमोर जाऊन बसला. आता वळणावर उपयुक्त पाटी आहे, आंधळा नाही. ओव्हरसियर म्हणतात, पाटी खोटी पडली, दुसरा बघा.

अक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
बापूजी

ता. क. उकंडा मूळचा तुमच्या नेरकडचा, तुमचा शब्द मोडणार नाही. त्याला वळणावर परत बसायला सांगाल का?

ता. क. दुसरा. वरचे राहू द्या, तो बसला तिथे बरा आहे. पण हबीब तुमच्या वर्गातला. त्याच्या पेटीत एक चिठ्ठी आहे, 'ब्लाइंड टर्न म्हणजे आंधळा वळतो', खाली ऑफिसचा शिक्का. अक्षर माझे आहे. तेवढी मागून घ्या, आणि अक्काला दाखवू नका.