वय चोपन्न, उष्टावण गुरुवारी

छत्रपती संभाजीनगर,
सोमवार, सकाळी नऊ

तीर्थरूप तात्यामामांस,

कारभारीचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण पोटावर पाच ठिकाणी टाके आहेत आणि पालथं पडायला डॉक्टरांची परवानगी नाही, तेव्हा सध्या उभ्यानंच मानून घ्या. आवडामामींना वेगळा नमस्कार. तुमचा गुडघा, गोठ्यातली म्हैस आणि विहिरीवरची मोटर, तिघंही कुरकुर न करता चालत असतील अशी आशा आहे. हे सगळं फोनवरच विचारलं असतं. तीनदा लावला, तिन्ही वेळा मामींनी उचलला आणि ‘ते रानात गेलेत’ म्हणून सांगितलं, अन् तिन्ही वेळा मागं तुमचा खोकला ऐकू आला. (मामा, तीस वर्षं कुलरच्या मोटरी कानानं ओळखून पोट भरलंय. शेजारच्या गल्लीतलं बेअरिंग गेलं तर मला घरात बसून कळतं. अन् हा तर माझ्या मामाचा खोकला.) म्हणून पत्र लिहून शफीभाईच्या हाती देतोय. लग्नसराईत भाड्यानं दिलेले कुलर परत आणायला तो टेम्पो घेऊन खुलताबादला येतोच आहे.

आधी तब्येतीचं. एकशे एकतीस किलोचा मी, आजच्या तारखेला एकशे एकवीस आहे. साखर उतरली, घोरणं इतकं कमी झालं की पहिल्या दिवशी वच्छलानं घाबरून नाकाशी हात धरला. तुमचा या ऑपरेशनला विरोध होता हे मला माहीत आहे. ‘धडधाकट पोटाला कात्री कशाला लावतो रे,’ असं तुम्ही म्हणाला होता. पण मंगल कार्यालयातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मला येताना पाहून मागं सरकायला लागल्या होत्या, आणि डॉक्टर म्हणाले, नुसतं वजन नाही, साखर तुम्हाला खातेय. त्यांनी पोटाची एक छोटी पिशवी करून अन्नाला पुढं वळणाचा रस्ता काढून दिला. आपल्या बीड बायपाससारखाच समजा, फक्त यावर गर्दी करायची नाही.

ऑपरेशन दोन तासांत उरकलं, सल्ले मात्र महिनाभर चालू होते. वरच्या मजल्यावरचे काकासाहेब (रिटायर तलाठी, घरात सातबारा सोडून दुसरं काही वाचत नाहीत) म्हणाले, कोमट पाण्यात मध, बाकी सगळं झूट. साडूंनी व्हिडिओ पाठवला, त्यात एक माणूस भोपळ्याच्या रसावर सहा महिने काढून टवटवीत दिसत होता. (व्हिडिओच्या शेवटी तो भोपळ्याच्या बियाही विकत होता.) मग एक पावडरवाला घरी आला, डबा टेबलावर ठेवून म्हणाला, साहेब, ऑपरेशनच्या आधी घ्या, नंतर घ्या, ऑपरेशनऐवजी घ्या. त्याचा आवाज ऐकला आणि मला ओळख पटली. हाच आवाज मी दर उन्हाळ्यात काढतो, ‘साहेब, महाबळेश्वरची हवा’ म्हणताना. पाणी पाजून परत पाठवला.

हॉस्पिटलात मात्र बिल्किस मॅडम भेटल्या. आहाराचं त्या बघतात, वय आपल्या थोरलीएवढं, बोलणं अर्धं मराठी, अर्धं आपल्या शहराचं. ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस त्यांनीच मला मोजक्या आहारावर ठेवलं, म्हणजे लिव्हर आक्रसतं आणि डॉक्टरांना आत काम करायला जागा होते. मी परीक्षा बघायला विचारलं, ऑपरेशननंतर दुसऱ्या आठवड्यात ज्वारीची आंबील चालेल का? त्या म्हणाल्या, ‘काका, आत्ता सांगता येणार नाही. विचारून उद्या सांगते.’ मामा, मी खुर्चीत सरळ बसलो. चोपन्न वर्षांत मला ‘माहीत नाही’ म्हणणारा माणूस भेटला नव्हता. आपल्याकडं रस्ता विचारला तर परगावचा माणूसही उजवीकडं हात दाखवतो. दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला फोन आला. आंबील चालेल, पण गाळलेली, गुळाशिवाय, आणि तिच्यात प्रोटीन कमी, तेव्हा तिच्या भरवशावर राहायचं नाही. त्या दिवसापासून काकासाहेब, साडू, भोपळा, सगळे बंद केले आणि कान एकाच ठिकाणी लावला.

त्यांनी घरातली रोजची वाटी दाखवायला आणायला सांगितली होती. मी तुमची चांदीची नेली, माझ्या उष्टावणाला तुम्ही दिलेली. ती तळहातावर धरून त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘काका, अब येइच तुम्हारी थाली.’ प्रोटीन आधी, पाणी घोटघोट आणि जेवणापासून अर्धा तास लांब, गोळ्या जन्मभर. हे सगळं त्यांनी एका कागदावर लिहून दिलं, आणि सगळ्यात वर लिहिलं, ‘पहिले पंधरा दिवस फक्त पातळ.’

इथं घोटाळा झाला. वच्छलानं सगळ्या नात्यागोत्याला फोनवर तेवढंच सांगितलं. आता आपल्या माणसांना आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जाता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण नियमही पाळायचा होता. मग शेवयांची खीर आली, दूध जास्त घालून. उसाचा रस आला, बिनबर्फाचा. चतुरामावशी बासुंदी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘आटवलीच नाय मी, निस्तं दूध-साखर हाय, पातळ पाणी!’ वच्छलानं सगळं गल्लीत वाटलं. ऑपरेशन माझं झालं आणि वजन गल्लीचं वाढलं.

आणि गेल्या गुरुवारी तुम्ही आलात. उन्हातून, एसटीनं, मांडीवर बरणी घेऊन. बांधावरच्या गावरान आंब्याचा रस, पंचातून दोनदा गाळलेला. वच्छला गोळ्या आणायला खाली गेली होती. मी नाही म्हणून बघितलं. पण तुम्ही पेला पुढं धरून म्हणालात, ‘दोन येळा गाळलाय लेकरा, एक रेषा न्हाय त्यात. माझ्यासाठी एक घोट.’ मी वीज मंडळाशी भांडलोय, उधळलेल्या वळूपुढं उभा राहिलोय, पण तुमच्या ‘माझ्यासाठी’पुढं माझं काही चालत नाही. एकाचे दोन झाले, दोनाचा अर्धा पेला.

पुढचं तुम्ही पाहिलंच. पाव तासात घामानं सदरा भिजला, पोटात कळ आली आणि छातीत कोरडी मोटर सुरू केल्यासारखं धडधडायला लागलं. तुम्हाला वाटलं मी गेलो. (खरं सांगायचं तर मलाही.) बिल्किस मॅडमनी फोनवर सांगितलं, गाडी येईपर्यंत पडून राहा आणि लगेच दाखवायला या. डॉक्टरांनी तपासलं. आत काही उसवलं नव्हतं. साखर नव्या रस्त्यानं एकदम आतड्यात उतरली की असं होतं, तासाभरात शरीर सावरतं. तसंच सावरलं.

पण त्या आधी, मी डोळे मिटून पडलो होतो तेव्हा, तुम्ही जिन्यात, मला न्यायला टेम्पो घेऊन आलेल्या शफीभाईला काय म्हणालात तेही मी ऐकलं. ‘पोराला म्या माज्या हातानं मारलं असतं. आता ह्या घराची पायरी चढायची न्हाय.’ डोळे मिटल्यानं कान मिटत नाहीत, मामा.

शुक्रवारी हे सगळं मी बिल्किस मॅडमना सांगितलं. वाटलं, तुमच्या नावानं चार शब्द ऐकावे लागतील. त्या म्हणाल्या, ‘मामांनी दोनदा गाळला? मग त्यांनी कागद वाचला, काका. कमी मीच लिहिलं.’ त्याच दिवशी कागद बदलला. आता सगळ्यात वर ठळक लिहिलंय, ‘पातळ, पण बिनसाखरेचं. रस, खीर, बासुंदी नाही.’ इथून पुढं या दवाखान्यात ज्यांचं ज्यांचं ऑपरेशन होईल, ते सगळे तुमच्या आमरसामुळं वाचतील. त्यांना तुमचं नाव कळणार नाही एवढंच.

आई सांगायची, बाहत्तरच्या दुष्काळात मी अडीच-तीन वर्षांचा होतो आणि रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, त्या मिलोची, भाकरी थुंकून टाकायचो. तुम्ही दुष्काळी कामावर खडी फोडून यायचा, तिथं वाट्याला आलेली सुकडी, ते गोड पीठ, स्वतः न खाता पाण्यात कालवून याच चांदीच्या वाटीत घालून मला भरवायचा. माझ्या बरगड्या मोजता यायच्या म्हणे. तुम्ही तेव्हापासून आजतागायत त्या बरगड्याच बघत आलात, मधल्या एकशे एकतीस किलोंकडं तुमचं लक्षच गेलं नाही. मामा, तुम्ही भरवून मोठं केलं नसतं तर डॉक्टरांना लहान करायला काही उरलंच नसतं.

जास्त काय लिहू. दमलो. कळावे.

तुमचा भाचा,
कारभारी

ता. क. गुरुवारी ऑपरेशनचा सोळावा दिवस. त्या दिवशी पहिल्यांदा पातळ सोडून मऊ खायचं आहे. घोटलेलं मुगाचं वरण, दोन चमचे, चांदीच्या वाटीत. उष्टावण मामाच्या हातानं होतं, हा नियम मी केलेला नाही. वच्छलानं चमचा हातात घ्यायला नकार दिलाय. तुम्ही आला नाहीत तर मी उपाशी आणि पाप तुमच्या माथी. शफीभाई गुरुवारी सकाळी परत येईल आणि तुम्ही टेम्पोत बसल्याशिवाय ओसरीवरून उठणार नाही. येताना काही आणायचं नाही. मामींनी पिशवी तपासावी.

ता. क. दुसरा. गुरुवारीच, उष्टावणाआधी, साडेदहाला बिल्किस मॅडमकडं तुमचं नाव लावलंय. तिसऱ्या फोनच्या वेळी तुम्ही खोकत अंगणात गेलात तेव्हा मामींनी मला हळूच तुमच्या साखरेचा आकडा सांगितला. आमरसाचा उरलेला अर्धा पेला कुणाच्या पोटात गेला तेही मला माहीत आहे.

ता. क. शेवटचा. पहिला घोट लई गोड होता, मामा. हे मॅडमना सांगू नका.