पायरीवरचा साक्षीदार

मी, ताडपत्र्या शिवून संसार केलेली, गल्लीत जिला सगळे ताडपत्रीवाली मावशी म्हणतात ती, आज पूर्ण शुद्धीवर राहून, कुणाच्याही दबावाखाली न येता माझी शेवटची इच्छा वकीलसाहेबांना लिहून घ्यायला सांगते आहे. दबावाचं म्हणाल, तर मुलगा दाराच्या कडीला हात लावून उभा आहे. पण मी त्याची आई आहे.

एक. घर आणि पुढचा कारखाना मुलाला, बिनशर्त. भांडतो फार, पण कष्टाला कधी मागे हटला नाही.

दोन. शिवणयंत्र सुनेला. तिची टीप माझ्यापेक्षा सरळ येते. तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. बँकेतल्या शिल्लकीतून मला पुरायला साधी पेटी करावी, उरेल ते आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या आजाऱ्यांना. शेजारच्या पाववाल्याने नेलेली शिडी त्यालाच लखलाभ. मागून मागून माझी जीभ झिजली.

तीन. कापणीचं लांब टेबल मात्र मुलाचं नाही, मंडळीचं आहे. दर रविवारी त्यावरचं कापड उचलून आपण तिथे प्रभुभोजन घेतो. शेजारच्याच्या हातून भाकर घ्यायची आणि पुढच्याला द्यायची. घरात जमायचं, मालक आणि हमाल एकाच टेबलाशी बसायचे, हे आपण प्रभूच्या शिष्यांच्या पहिल्या मंडळीकडून उचललं. पण अर्धंच उचललं.

चार. भावजींविषयी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांविषयी. उपासनेला जमायला बंदी होती त्या वर्षी बंदी घालणाऱ्यांची माणसं आत घुसली आणि माझ्या यजमानांना फरफटत घेऊन गेली. कोपऱ्यावर त्यांनी भावजींना धरलं, मागे धावत आलेल्या माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ही तुझी कोण? ते म्हणाले, "मी या बाईंना ओळखत नाही." मी ते ऐकलं. यजमान परत आले ते मोडका हात घेऊन. त्यांना पुन्हा कात्री धरता आली नाही. मुलाचा राग खोटा नाही. मीही भावजींच्या नावाने पुष्कळ बोटं मोडली आहेत.

तेव्हापासून भावजी दर रविवारी बाहेर पायरीवर बसतात. भाकर टेबलाभोवती फिरते, उंबऱ्यापलीकडे जात नाही. मुलगा म्हणतो, छळाला भिऊन ज्यांनी प्रभूला नाकारलं त्यांना पहिल्या मंडळीनेही दाराबाहेरच उभं केलं होतं. खरं आहे. पण मी मंडळीच्या पाळकांना खोदून खोदून विचारलं. त्या शिक्षेला मुदत असे, आणि मरायला टेकलेल्याला भाकर नाकारत नसत. आपण दार तेवढं लक्षात ठेवलं, मुदत विसरलो. कोंबडा आरवण्याआधी ज्या शिष्याने प्रभूला तीनदा नाकारलं, त्याच्याच हाती प्रभूने आपला कळप सोपवला होता. भावजींनी तर एकदाच नाकारलं.

पाच. माझ्या पश्चातही त्यांना आत घेतलं नाही, तर टेबल पायरीपाशी नेऊन प्रभुभोजन तिथे घ्यावं. यजमानांनी ते खोलीतच जोडलं होतं, दारातून निघत नाही. मग चौकट काढा. टेबल कापायचं नाही.

हे ऐकून मुलगा ओरडला, "आई, बाबांचा हात विसरलीस?"

विसरले नाही रे. त्याच हाताने ते शेवटपर्यंत खिडकीतून भावाला खुणावायचे, आत ये म्हणून. तू पाठमोरा बसायचास. वकीलसाहेब म्हणतात, असलं मृत्युपत्रात घालत नाहीत. घाला.

सहा. यजमानांची कात्री भावजींना देणार होते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकीलसाहेब सांगतात, आणि मला भावजींची साक्ष हवी आहे. तेव्हा कात्री मुलाला. दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर सही करायची आहे. पाववाला केव्हाचा येऊन बसलाय. भावजी पायरीवर आहेत. हाक मारली तर म्हणाले, "वहिनी, त्याने उघडलं तरच येईन."

कडी मुलाच्या हातात आहे. मला दम पुरत नाही, मला भीती वाटते आहे. तरी कागद बाहेर पाठवणार नाही. थांबते.

स्थळ: कापणीचं टेबल. दार मुलाने उघडलं.
दिनांक: आजचा रविवार, उपासनेआधी.

सही: ताडपत्रीवाली

साक्षीदार पहिला: शेजारचा पाववाला. शिडी उद्या आणून देतो.

साक्षीदार दुसरा: धाकटा दीर. मृत्युपत्र करणाऱ्या या बाईंना मी ओळखतो. त्या माझ्या वहिनी आहेत.