डॅशबोर्डवरचा सेंट क्रिस्टोफर

२३ एप्रिल, रविवार. मिस्सेहून आल्यावर.

प्रवचनात लक्ष नव्हतं. सगळा वेळ एकाहत्तर सालचा उन्हाळा डोक्यात. वुडवर्ड रस्त्यावरचं ते गाडीत बसूनच खायचं हॉटेल. कॅझ म्हणाला, काच तीन बोटं वर घे, नाहीतर ट्रे अडकायचा नाही. मी घेतली. मुलीनं ट्रे लावला. दोन रूट बिअर, त्याचा हॉट डॉग, आणि बटाट्याचे काप मी एकटीनं संपवले. कॅझनं माझ्या हनुवटीवरचं मीठ अंगठ्यानं पुसलं आणि अंगठा पँटला पुसला. मग आम्ही घरी आलो. एवढंच.

गाडी तीच. अडुसष्ट सालची जीटीओ, पोरं जिच्यावर जीव टाकायची ती वेगवान गाडी, हिरवी. कॅझ गेल्यापासून चार वर्षं गॅरेजमध्ये चादरीखाली उभी आहे.

ठरलं. १९ ऑगस्टला, तिसऱ्या शनिवारी, वुडवर्डवर दर वर्षीसारख्या जुन्या गाड्या निघतील तेव्हा त्यांत आमची असणार. पुढची सीट कोचासारखी अखंड आहे. टॅड एका बाजूला, ग्लेन दुसऱ्या बाजूला, मी मधे. माझी ही दोन पोरं चार वर्षांत एका खोलीत बसलेली नाहीत. खोलीतून उठून जाता येतं. चालत्या गाडीतून नाही.

भांडण या गाडीवरूनच. त्यांच्या बापानं, कॅझनं, ती टॅडला देऊन टाकली, तळ्यावर मासे धरताना. ग्लेनलाही देऊन टाकली, दारातला बर्फ उपसताना. दोघांना हे कळलं ते दफनानंतरच्या जेवणात, हातात सॉसेजच्या प्लेटा असताना. तेव्हापासून ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी एक चार वाजता येतो, दुसरा सात वाजता. मी दोनदा जेवते.

संकल्प: मधे मधे बोलायचं नाही. फक्त देखरेख.

२ मे, मंगळवार

टॅड आला. तो शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो, त्यामुळे गाडीशीही मास्तरासारखा बोलतो. म्हणाला, मा, ही कारखान्यातून निघाली तश्शीच करायची. स्क्रूसुद्धा त्या काळचा. चारही ब्रेक उघडून, घासून, पुन्हा बसवले. तळाच्या पत्र्याला बोट लावलं तर बोट आरपार. मिशिगनचं मीठ, रस्त्यातल्या बर्फावर टाकतात ते, म्हणाला. मी म्हटलं, हवा खेळती राहील.

४ मे, गुरुवार

ग्लेन आला. त्याला मंगळवारबद्दल सांगितलं नाही. दिवस मी मुद्दामच वेगळे दिले आहेत. आधी त्यांना गाडीशी बोलू दे, मग एकमेकांशी.

ग्लेन म्हणाला, मा, हे ब्रेक नाहीत, ही विनंती आहे. टॅडचे काढून खोक्यात टाकले आणि नवीन पद्धतीचे, तव्यासारखे, लावायला घेतले. कुणी ताजे घासलेले दिसतात, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, लोणची काढू का जेवायला?

१६ मे, मंगळवार

टॅडनं ग्लेनचे ब्रेक काढून जुने लावले. म्हणजे दोन आठवड्यांत ब्रेकचं काम तीनदा झालं. इतकी काळजी कुणी घेत नाही. जीव लागलाय पोरांचा.

दोघं एकमेकांना चिठ्ठ्या लिहू लागलेत. कागदी चिकटपट्टीवर लिहून भागांवर चिकटवतात. हीच सुरुवात असते.

१८ मे, गुरुवार. सकाळी, ग्लेन यायच्या आत.

चिठ्ठ्या वाचल्या. टॅडनं इंजिनवर लिहिलं होतं, "गाढवा, याला हात लावलास तर हात मोडीन." कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ल्युडमिला म्हणायच्या, मजकूर तोच ठेवूनही सूर बदलता येतो. मी ती पट्टी काढली आणि माझ्या नीटस अक्षरात नवी लावली: "प्रिय ग्लेन, याला हात लावताना जपून."

दुपारी. ग्लेननं चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणाला, टॅडनं लिहिलं हे? मी रुमाल शोधत होते, त्यामुळे मान हलली. ग्लेन म्हणाला, मग ठीक आहे. आणि जपून, अगदी जपून, इंजिन बाहेर काढलं.

२३ मे, मंगळवार

टॅड गॅरेजमध्ये गेला आणि तसाच बाहेर आला. मग म्हणाला, मा, माझी चिठ्ठी कुठंय? मी म्हटलं, वारा होता. इंजिन ट्रकमध्ये टाकून स्वतःच्या घरी घेऊन गेला, सुरक्षित राहावं म्हणून. जाताना ग्लेनसाठी नवी चिठ्ठी लावली. ती सुधारायला तीन पट्ट्या लागल्या.

८ जून, गुरुवार

ग्लेननं नवीन इंजिन आणलं. ते बसलं नाही, कारण टॅडनं मंगळवारी इंजिन टेकवायचे ब्रॅकेट पुन्हा जुन्या मापाचे केले होते. ग्लेन नवं इंजिन घेऊन गेला. सध्या गाडीत एकही इंजिन नाही. गाडी एकदम हलकी झालीय, बोटानं ढकलली तरी सरकते.

माझं काम मात्र वेळेत. सीटचं कव्हर उसवून मी नवं शिवलं, काळं, कडेला दोरी भरलेली गोट. कॉन्व्हेंटमध्ये वेदीवरची वस्त्रं शिवली आहेत, हे काय अवघड. स्प्रिंगांत कॅझचा कंगवा सापडला. परत आतच ठेवला.

१५ जून, गुरुवार

कॅझचा मोठा भाऊ वॉली येऊन बसतो हल्ली. ऐंशी वर्षांचा. घडीची खुर्ची, बिअर, गॅरेजच्या दारात. मला म्हणाला, बर्नी, एप्रिलमध्ये ही गाडी होती. मी म्हटलं, तुला दृष्टी नाही. तो म्हणाला, दृष्टी आहे, दारंच नाहीत. दारं रंगाला गेली आहेत. एक टॅडच्या माणसाकडे, एक ग्लेनच्या.

२७ जून, मंगळवार

टॅड म्हणतो, डॅशबोर्ड काढल्याशिवाय काचेखालचा गंज निघणार नाही, आणि डॅशबोर्ड काढायचा तर सेंट क्रिस्टोफर काढावा लागेल.

मी नाही म्हटलं. कॅझनं प्रवाशांच्या या संताचा पुतळा लग्नाच्या वर्षी चिकटवला, ड्रायव्हरच्या बाजूला, अगदी काचेला लागून. कुणाला हात लावू दिला नाही. एकदा मी पुसायला उचलू पाहिला तर कॅझ म्हणाला, बर्नी, प्रवासात संताला हलवू नये. गाडी तेव्हा अंगणात उभी होती. पण श्रद्धा ही अशीच असते. कॅझ एरवी मिस्सेत घोरायचा, आणि या एका बाबतीत इतका भाविक.

टॅड म्हणाला, मा, संत की ऑगस्ट?

विचार करते म्हटलं.

४ जुलै, मंगळवार. संध्याकाळी.

सुट्टीचा दिवस. मंगळवार म्हणून टॅड आला आणि सुट्टी म्हणून ग्लेनही आला. माझ्या लक्षातच आलं नाही. (आलं होतं. सॉसेज दहा माणसांचं आणलं होतं.)

दोघं गॅरेजच्या दोन टोकांना. टॅड वॉलीला म्हणे, त्याला सांग पाना दे. ग्लेन वॉलीला म्हणे, त्याला सांग पाना त्याच्या खिशात आहे. वॉली म्हणाला, मी टपाल खात्यातून निवृत्त झालोय.

शेवटी मी परवानगी दिली. आधी तीन वेळा प्रभूची प्रार्थना म्हणायला लावली. मग माझा केस वाळवायचा ड्रायर आणला. ग्लेननं गरम हवा धरली, टॅडनं पातळ पात्यानं गोंद सोडवला. चार वर्षांनी दोघांचे हात एका जागी. मी सॉसेज उलटायला गेले, कारण डोळ्यांत धूर जात होता.

संत निघाला. खाली कारखान्यानं ठोकलेल्या नंबराची पट्टी. टॅडनं पुसली, वाचली, पुन्हा पुसली. ग्लेननं विचारलं, काय झालं. थेट विचारलं, वॉलीमार्फत नाही. टॅड म्हणाला, दोन तीन सात. ग्लेन म्हणाला, चष्मा लाव. टॅड म्हणाला, तू वाच मग. ग्लेननं वाचलं. दोन तीन सात.

मी म्हटलं, मग? छान नंबर आहे.

टॅड म्हणाला, मा, जीटीओ दोन चार दोननं सुरू होते. दोन तीन सात म्हणजे साधी. बायका बाजारहाटाला न्यायच्या ती. ग्लेन म्हणाला, बाबांनी वरून जीटीओची अक्षरं लावली. आणि बॉनेटही बदललं.

मी सांगितलं की गंजामुळे चारचा तीन झाला असेल आणि दोनचा सात. ब्रशनं घासून पाहिलं. सात जास्तच ठळक झाला.

सगळे वॉलीकडे बघायला लागले. तो म्हणाला, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. भंगारवाल्याकडून आणली ती तीन अक्षरं. बर्नीच्याच पर्समधून आली.

खरं आहे. रुमालात गुंडाळून माझ्या मांडीवर होती. मला वाटलं होतं, कॅझ जादा म्हणून घेतोय. आणि तो नंबर तर मी दर वर्षी विम्याच्या फॉर्मवर लिहीत आले, पन्नास वर्षं, सुंदर अक्षरात.

वॉली म्हणाला, तू तेव्हा म्हणायचीस ना, की हायस्कूलची मैत्रीण जीटीओतून फिरते. कॅझच्या ऐपतीत ही होती.

मी असं म्हटल्याचं मला आठवत नाही. एकदा म्हटलं असेल.

६ जुलै, गुरुवार

ग्लेन आला. काम केलं नाही. म्हणाला, मा, गाडी टॅडलाच दे. मोठा आहे, बाबांनी आधी त्यालाच सांगितलं असणार.

११ जुलै, मंगळवार

टॅड म्हणाला, ग्लेनला दे. धाकटा आहे, त्याचं मन मोडायला नको.

चार वर्षांनी भाऊ एकमेकांना काहीतरी द्यायला निघालेत. मी वॉलीला म्हटलं, बघ. वॉली म्हणाला, बघतोय.

१ ऑगस्ट, मंगळवार

गेल्या तीन आठवड्यांत कुणी आलेलं नाही. टॅडकडे बस तपासणी आहे. ग्लेनची पाठ. काम थांबलं आहे असं नाही. गाडी विश्रांती घेते आहे.

आज मोजलं. राहिलेलं: दोन इंजिनांपैकी एक, दारं (एक हिरवं आलं, दुसरं वेगळं हिरवं), ब्रेक, तळ, डॅशबोर्ड, काचा, चाकं. अठरा दिवस आहेत. रोज एक केलं तरी वेळ उरतो.

संध्याकाळी रिकाम्या गाडीत स्टूल टाकून बसले. तळातून फरशी दिसते. कॅझला विचारलं, मला एकदा सांगितलं असतंस तर काय झालं असतं. साधीतूनही मी आलेच असते.

मग स्वयंपाकघरात जाऊन दोघांना फोन केला. प्रत्येकाला म्हटलं, दुसऱ्यानं तुला बोलावलंय. सूर तेवढा माझा.

१७ ऑगस्ट, गुरुवार

दोघं आले. गाडीभोवती एक फेरी मारली. टॅड म्हणाला, मा, शनिवारी नाही होणार. ग्लेन म्हणाला, या शनिवारी नाही आणि कुठल्याच नाही.

मी म्हटलं, सीट तयार आहे.

 ग्लेननं सीटच्या कडेच्या दोरीवरून बोट फिरवलं. म्हणाला, हे चांगलं झालंय, मा. टॅड म्हणाला, आपल्या तिघांत हिनंच काम पुरं केलं.

१९ ऑगस्ट, शनिवार

सकाळी सातला ट्रकचा आवाज. बाहेर आले तर सीट ट्रकमध्ये. वुडवर्डच्या कडेला सगळे घडीच्या खुर्च्या मांडतात, त्या रांगेत पोरांनी आमची सीट गवतावर ठेवली. उतरवताना ग्लेन म्हणे, तू मागे सरकतोस की मी मरू. टॅड म्हणे, आधी सरकतो, मग ठरवू.

मी मधे. टॅड एका बाजूला, ग्लेन दुसऱ्या बाजूला. वॉली शेजारी स्वतःच्या खुर्चीत. समोरून सगळ्या गाड्या गेल्या, लाल, पिवळ्या, जांभळ्या. प्रत्येक गाडीवरून दोघं माझ्या नाकासमोर भांडले. ते बॉनेट नंतरचं आहे. नाही, त्याच सालचं आहे. तुला काय कळतं. तुला कळतं म्हणून गाडी अशी झाली. दिवसभर. मला एक शब्द बोलायला जागा मिळाली नाही.

एक हिरवी जीटीओ हळू गेली. टॅड म्हणाला, खरी आहे. ग्लेन म्हणाला, पुढे संत बसवलाय, सांगता येत नाही. मग दोघं हसायला लागले ते थांबेनात, आणि सीटच्या स्प्रिंगांमुळे मीही वरखाली होत राहिले.

बटाट्याचे काप मी एकटीनं संपवले. मीठ पुसायला दोघांनी दोन कागद पुढे केले.

म्हणजे आम्ही वुडवर्डला आमच्या गाडीतून गेलो. जेवढी तयार होती तेवढीतून.

२० ऑगस्ट, रविवार. मिस्सेहून आल्यावर.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गाडी पूर्ण होईलच. तरी वय बहात्तर, म्हणून खबरदारी म्हणून लिहून ठेवते.

जुनं इंजिन टॅडला, ते आधीच त्याच्याकडे आहे. नवं ग्लेनला, तेही.

दोन दारं, दोन्ही हिरवी, ज्याची त्याला.

स्टिअरिंग वॉलीला. त्याचं लायसन्स काढून घेतलंय, टीव्हीसमोर धरून बसेल.

तीन अक्षरं माझ्या त्या वेळच्या पर्समध्ये ठेवावीत, रुमालात, आणि पर्स माझ्याबरोबर यावी.

सेंट क्रिस्टोफर चर्चला देऊ नये. त्याच्या तळाला गोंद आहे, फादर विचारतील.

कंगवा जिथे आहे तिथेच.

सीट दोघांना मिळून. काही महिने टॅडकडे, काही महिने ग्लेनकडे. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी एकानं द्यायची, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी दुसऱ्यानं. ती एकट्याला उचलत नाही, हे काल पाहिलं. वॉलीची मदत घेऊ नये, त्याची कंबर गेलेली आहे. शेजाऱ्यांची तर मुळीच नाही.

आणि ग्लेननं तिला चाकं बसवू नयेत.