पहिल्या खणातला गेम

७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत, शीतगृहाच्या मागच्या पायरीवर बसून वाचलं. आतल्या थंडीत हाडं गोठतात, पण पत्र वाचून माझी कानशिलं अशी तापली की टोपी काढून ठेवावी लागली.

ताई, गेमच्या मशीनने विचारलं होतं ना, की गेम साठवायच्या या पहिल्या खणात आधीचा गेम आहे, तो पुसून नवा सुरू करू का म्हणून? नीट विचारलं होतं! मग बाबांना खेळायला बसवताना तू 'हो' कशाला दाबलंस? औषधाचं दुकान उघडायची घाई होती म्हणतेस. अगं, खाली दोन खण रिकामे होते. दोन खोल्या मोकळ्या असताना पाहुण्याला आपल्याच अंथरुणावर झोपवायचं आणि आपलं अंथरूण उकिरड्यावर टाकायचं, असा प्रकार झाला हा.

आठव, आपण तो घंटेचा गेम कसा खेळलो होतो. मी बोटं चालवायचो आणि तू पडद्यावरची अक्षरं मोठ्यांदा वाचायचीस, कारण माझं वाचून होईपर्यंत ती पळून जायची. एक गाडीवान, त्याची घोडागाडी, गाडीत गावाची अवाढव्य घंटा, आणि ती डोंगरापलीकडच्या मनोऱ्यात नेऊन टांगायची. एवढीशीच गोष्ट, पण किती दिवस पुरली आपल्याला! मनोऱ्याच्या दाराशी पोचलो आणि त्याच संध्याकाळी बाबांनी भिंतीतून वायर ओढली. गेममुळे शाळा सुटली, आता गेममुळे जन्म फुकट जाईल, असं म्हणाले. मी म्हणालो की मी चाललो, आता तुम्ही स्वतः ये म्हणाल तेव्हाच येईन. ते म्हणाले, बस वाट बघत.

बसलोय बघत. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला तेव्हाही मी येतो म्हटलं, तर निरोप काय आला? गरज नाही, मी अजून मेलेलो नाही. आणि आता तू खुशीत लिहितेस की डॉक्टरीणबाईंनी बोटांच्या व्यायामाला दिलेला रबरी चेंडू त्यांनी भिंतीवर फेकला आणि माझा कंट्रोलर मात्र आपणहून उचलला. ज्याने माझा सत्यानाश केला तेच यांचं औषध! आता मी हसू की डोकं आपटू, तूच सांग.

राग तुझ्यावर आहे आणि लोभही तुझ्यावरच. दोन्ही जपून ठेव.

तुझा,
भुंग्या


१८ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. अक्षर असं की शाईत पडलेली मुंगी जीव वाचवून पळाल्यासारखं वाटतं, पण मजकूर समजला. चूक माझी, कान पकडले. पुढच्या वेळी मशीनने माझं नाव विचारलं तरी तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही, मग तर झालं? आणि फोन का करत नाहीस असं शेजारच्या काकू विचारतात. त्यांना काय सांगू, की फोनवर हा दोन वाक्यांत भांडतो आणि तिसऱ्याला ठेवून देतो? पत्रात निदान तुला पानाच्या शेवटापर्यंत थांबावं लागतं.

आता बाबांचं ऐक. जन्मभर क्रेन चालवलेला माणूस, त्यामुळे कंट्रोलरला ते लिव्हर म्हणतात. गाडी रस्त्याच्या एकाच कडेने नेतात. चौक आला की थांबतात, दोन्हीकडे बघतात, मग जातात. त्या रानात दुसरी गाडी नाही, हे मी सांगून थकले. पहिल्या दिवशी तर खाली उतरून घंटेभोवतीचे दोर बघत बसले आणि म्हणाले की हे ज्याने बांधलं त्याने आयुष्यात ओझं उचललेलं नाही.

शत्रू मागे लागलेत, सूर्य बुडायच्या आत खिंड ओलांडायला हवी, असं पडद्यावर लाल अक्षरांत येतं. आणि बाबा? वाटेत एका म्हातारीची शेळी हरवली होती, ती शोधत बसले. म्हणाले, तिला हो म्हटलंय. पुढे तो नावाडी भेटतो ना, बुडालेल्या भावाची लांबलचक कहाणी सांगणारा? ती सगळी ऐकली. मी वाचायला कंटाळले, हे ऐकायला कंटाळले नाहीत.

अंगठा आता हलतो. उजव्या हाताची तर्जनी मात्र अजून ऐकत नाही, बाईसाहेब रुसून बसल्यात. आणि हो, घोडा दमला की पाणी कसं पाजायचं ते आम्हाला सापडत नाहीये. तुला विचार असं बाबा म्हणाले नाहीत हं. कोणाला तरी माहीत असेल, एवढंच म्हणाले. त्या 'कोणाला तरी'चा पत्ता माझ्याकडे आहे, म्हणून लिहिते.

वेळेवर जेव, कानटोपी घाल, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घोड्याला हौदाजवळ उभा करायचा, गाडी सोडायची आणि खालचं बटण दाबायचं. हे पडद्यावरच लिहून येतं, पण तुम्ही दोघं बहुतेक चौकात दोन्हीकडे बघत असता.

आणि शेळी? शेळी! अगं, तिकडे राज्य बुडतंय. गोष्टीच्या गेमवर माझा हाच तर राग आहे. आधी सांगतात की धाव, नाहीतर सगळं संपलं, आणि पुढच्याच वळणावर कुणाची शेळी, कुणाचं मडकं, कुणाची अंगठी. आपण बाजारात गेलो काय महिनाभर, शत्रू बिचारा टेकडीमागे उभाच. शिवाय मोठ्या तोऱ्यात विचारतात की निवड तुझी, डावीकडे की उजवीकडे? डावीकडे गेलं की खिंड, उजवीकडे गेलं की वळसा घालून तीच खिंड. आमच्या मुकादमाची हीच तऱ्हा आहे. मासे उचलतोस की मटार, तूच सांग म्हणतो, आणि दोन्ही खोकी त्याच थंडीत.

तरी गोष्टीचा गेम परवडला, कारण तो कधीतरी संपतो. इथे खोलीवर माझा सोबती वेल्डर आहे. त्याच्या नादाने मी फोनवर तो ऑनलाइन गोळीबाराचा गेम खेळतो. त्याला शेंडा ना बुडखा. बेटावर उतरायचं, मारायचं, मरायचं, परत उतरायचं. चार जणांची टीम, त्यातला एक सुरुवातीलाच मरून निघून जातो, दुसरा माईकवर नुसता खोकतो, आणि हरलो की ज्याने मला जन्मात पाहिलं नाही तो माझ्या आईचा उद्धार करतो. गोळी कशी मारावी हे कुणाला येत नाही, पण प्रत्येकाच्या शिपायाच्या अंगात पैसे मोजून घेतलेला सोनेरी कोट! जिंकलो तरी कुणी कुणाला ओळखत नाही. पुन्हा उद्या शिफ्ट, पुन्हा तेच बेट. मग खेळतोस कशाला, असं तू विचारशील. रिकाम्या खोलीत कुणीतरी बोलतंय एवढंच बरं वाटतं, शिव्या का असेनात.

पण मला खरं झोंबलं ते दुसरंच. त्या नावाड्याचं सगळं ऐकून घेतलं म्हणतेस. खोटा नावाडी, खोटा भाऊ, खोटं पाणी! आणि मी जाताना दारात उभा राहून सांगत होतो, की शाळा गेममुळे नाही सुटली, मला फळ्यावरची अक्षरं लागायचीच नाहीत, सगळा वर्ग हसायचा, म्हणून सुटली. तेव्हा यांनी काय केलं? रेडिओ मोठा केला. त्यांना म्हणावं, वाटेत ऐकायला नावाडीच भेटायला लागतो का? नको, म्हणू नकोस काही. पाण्याचं तेवढं सांग.

तुझी माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तरी मी तक्रार करणार नाही.

तुझा,
भुंग्या


१५ मार्च

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

घोडा पाणी प्याला. बाबांनी हाताने शाबासकी दिली, ती घोड्याला की तुला ते कळलं नाही.

तू नको म्हणालास तरी मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. रागाव हवं तर. नावाड्यापर्यंत आले तेव्हा रेडिओ चालू होता. त्यांनी तो डाव्या हाताने बंद केला आणि तेवढाच भाग परत वाच म्हणाले. मी वाचला.

आता नवं संकट. आम्ही मनोऱ्याच्या दाराशी पोचलो. लोखंडी दार आहे, ते उचलायला वरची दोन्ही बटणं दोन्ही तर्जनींनी एकदम दाबून धरायची. जरा सुटलं की दार धाडकन खाली. बाबांची उजवी तर्जनी लगेच सुटते. मी म्हटलं एक बटण मी धरते, तर माझ्याकडे असं बघितलं की मी चहा करायला निघून गेले. मग त्यांनी विचारलं, आधी जो खेळत होता तो या दारातून गेला होता का. मी सांगितलं, नाही, तुम्ही वायर ओढलीत ती इथेच.

त्यावर कंट्रोलर खाली ठेवला आणि टीव्ही बंद कर म्हणाले. त्यानंतर त्याला हात लावलेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात बोटांचा व्यायाम आत्ता सुटला तर हात असाच राहील. मला धीर सुटल्यासारखं झालंय, भुंग्या. तू काहीतरी सुचव.

मनात जागा ठेव आमच्यासाठी, कमी पडली तर सरकून घे.

तुझी,
ताई


२३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धन्य आहेस! नको म्हटलेलं नेमकं वाचून दाखवायचं आणि 'नाही' म्हणायचं तिथे 'हो' दाबायचं, हा तुझा स्वभावच दिसतो.

तुझं पत्र मी चालू गेममध्ये उघडलं. माझा शिपाई बेटावर झाडासारखा उभा राहिला आणि टीम हरली. माईकवर शिव्यांचा पाऊस. वेल्डर अजून धड बोलत नाही. बरंच झालं, शांतता आहे.

आता नीट वाच. सेटिंगमध्ये जा. तिथे एक ओळ आहे, बटण धरून ठेवण्याऐवजी एकदा दाबा, अशा अर्थाची. ती चालू केली की एका दाबात दार वर जाईल आणि वरच राहील. ज्यांनी गेम केला त्यांना एवढी अक्कल होती, पण ती त्यांनी सहा पानं आत लपवून ठेवलीय, नेहमीसारखी. माझं नाव सांगू नकोस. सांगितलंस तर मुद्दाम करणार नाहीत.

आत काय आहे मला माहीत नाही. वेल्डर म्हणतो, शेवट फोनवर फुकट बघता येतो, लोक खेळून टाकतात. मी म्हटलं, दुसऱ्याला जेवताना बघून आपलं पोट भरतं का? तो दुसऱ्यांचा शेवट. मला आपला बघायचा होता. आता बाबांनी बघावा. बोटं चालू राहिली पाहिजेत, बाकी घंटा गेली खड्ड्यात.

तब्येतीचं खरं खरं कळव, गोड करून नको. लोभ कमी करू नकोस.

तुझा,
भुंग्या


११ एप्रिल

चि. भुंग्या,
आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, पण हात उजवा आहे.

ताईने सेटिंग दाखवलं. नाव सांगितलं नाही, पण एवढी कटकट करून कोण सुचवतो ते मला समजतं. मी नको म्हटलं. लिव्हर सोडल्यावर ओझं आपोआप वर राहतं, अशी क्रेन मी चालवलेली नाही. ती फसवाफसवी आहे. मी रोज बटण धरत गेलो. आधी दार घोड्याच्या गुडघ्यापर्यंत यायचं. मग पोटापर्यंत. काल पूर्ण वर गेलं.

आत कप्पी आहे. दोर आहे. उंची बरीच आहे. ताई म्हणाली आता जा आत. मी बोटं काढली आणि दार खाली येऊ दिलं. घंटा बाहेर गाडीत आहे.

आमच्या कामात एक नियम होता. ओझं चढवताना एक जण वर लिव्हरवर आणि एक जण खाली, खुणा करायला. वरच्याला ओझ्याखालचं दिसत नाही. खालचा सांगेल ते त्याने ऐकायचं असतं. कितीही जुना चालक असो, ऐकायचंच. मी कामावर नेहमी ऐकलं. घरी ऐकलं नाही.

ताईला खुणा जमत नाहीत. ती सगळ्यालाच हो म्हणते.

ये.

बाबा


१९ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मुकादमाकडे रजा मागितली आहे. दिली तर रजेवर येतो, नाही दिली तर तसाच येतो.

तोवर कृपा करून एवढं करा. मशीन बंद करण्याआधी गेम सेव्ह करा. नुसती वायर ओढू नका, तुमची ती सवय मला माहीत आहे. कंट्रोलर ताईच्या हाती देऊ नका. मशीनने काहीही विचारलं तर 'नाही' म्हणा. ते तुम्हाला चांगलं जमतं. आणि वाटेत आणखी कुणाची शेळी हरवली असेल तर ती आत्ताच शोधून ठेवा, मी आल्यावर थांबणार नाही.

दोर जुना वाटत असेल तर चढवण्याआधी दोघं मिळून बघू. लिव्हर तुमच्याकडे. खाली मी उभा राहतो.

तुमचा,
भुंग्या