दोन सीटांची गाडी

४ जानेवारी

हॉलभर खडूच्या रेघा! मीच मारल्या. दोन गाड्या, दोन्हींचं माप पुरं. साडेसतरा फुटी खिडकीपाशी नीट बसली. एकवीस फुटीचं नाक मात्र पार स्वयंपाकघरात गेलं, स्टिअरिंग थेट ओट्यापाशी. पस्तीस वर्षं लोकांचे कपडे बेतले, दोन गाड्या बेतायला काय लागतं?

ह्यांना रिटायर होऊन महिना झाला. टेलिफोनच्या खांबांवर चढून आयुष्यभर रस्ते वरून पाहिले, म्हणतात, आता खाली उतरून बघू. चार दिवसांची सहल नाही. तीन-चार वर्षं त्या कॅम्पर व्हॅनमध्येच राहायचं, तिथेच रांधायचं, तिथेच झोपायचं. आणि मी हो म्हटलं. मी! आढेवेढे न घेता हो म्हटलं म्हणून हेच चक्रावले.

भाऊजी रेघांवर पाय न देता कडेने गेले, भिंतीला पाठ घासत. "पुसायच्या नाहीत ना, वहिनी?" माझे थोरले दीर. वय सदुसष्ट. बसवर ड्रायव्हर होते, लग्न केलं नाही, आमच्यातच राहतात. आमच्यातच म्हणजे — माझ्या लग्नाच्या दिवसापासून. बत्तीस वर्षं. ह्या घरात आम्ही दोघंच आहोत असा एक दिवस मला आठवत नाही. एकही!

९ जानेवारी

आज रेघांच्या आत राहून बघितलं. आधी दोन तास लहान गाडीत, मग दोन तास मोठीत. नियम माझा: रेघ ओलांडायची नाही, पाणी हवं असलं तरी नाही.

लहानीत धांदल. मी वाकले की ह्यांना उठता येत नाही, हे उठले की मला वळता येत नाही. ह्यांनी तर सीट म्हणून ठेवलेल्या स्टुलाला दोनदा ठेच खाल्ली, दोन्ही वेळा डाव्या बाजूला. "डोळे आहेत की बटणं?" म्हटलं. हसले.

मोठीत माणूस श्वास घेतो. पावसात चार दिवस अडकलो तर एक इकडे, एक तिकडे बसू शकतो. कायमचं राहायचं तर मोठीच. हे कोणीही सांगेल, मलाही कळतं.

पण लहानीत दोनच सीटा, मोठीत चार आहेत. आणि मागे एक जादा बेड.

१० जानेवारी

लिहायला बसले तर खोटं कशाला लिहू? ही वही कोण वाचतंय?

भाऊजी वाईट नाहीत. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. खोलीत यायच्या आधी खोकतात. कप स्वतः विसळतात. पहाटे चारला उठतात आणि आवाज होऊ नये म्हणून दार इतकं हळू लावतात, की त्या हळूपणानेच मला जाग येते. ह्यांच्यावर मोठ्याने ओरडायचं तर भाऊजी ऐकतील. मोठ्याने हसायचं तरी भाऊजी ऐकतील. नवी नवरी होते तेव्हापासून मी ह्या घरात बारीक आवाजात बोलते आहे.

मला ते तिसरं माणूस नको आहे. लिहिलं. झालं.

१५ जानेवारी

लेकीचा फोन. "आई, काकांचं काय?"

म्हटलं, काकांना अख्खं घर मिळतंय. तीन खोल्या. राजासारखे राहतील.

"घराचं नाही विचारलं मी. काकांचं विचारलं."

बापावर गेली आहे. दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

२३ जानेवारी

गाड्यांना घर करून देणाऱ्या गॅरेजवाल्याकडे तिघंही गेलो. दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी उभ्या होत्या. गॅरेजवाला हुशार, म्हणाला, "महिनाभर फिरायचं असेल तर लहान, राहायचं असेल तर मोठी. लोक रस्त्याचा विचार करून गाडी घेतात आणि मग सारा वेळ उभ्या गाडीत काढतात." बरोबरच बोलला. मला त्याचा राग आला.

भाऊजी मोठीच्या ड्रायव्हर सीटवर बसले. आरसा जुळवला. दोन्ही हात चाकावर ठेवले आणि बसून राहिले. इतक्या वर्षांनी मोठ्या गाडीचं चाक हातात. चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे बघितलं.

ह्यांनी विचारलं, "दादा, ही कशी वाटते?"

भाऊजींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी लहान गाडीचं दार उघडबंद करून बघत होते. मग ते खाली उतरले. "मोठी वळवायला जागा लागते. लहानच बरी. तुम्हा दोघांना पुरे."

चाळीस फुटी बस भर बाजारात वळवणारा माणूस! म्हणे एकवीस फुटी वळत नाही!

मी म्हटलं, "भाऊजी म्हणतात तर लहानच घेऊ." किती पटकन म्हटलं मी.

३ फेब्रुवारी

बेडचं माप विचारायला गॅरेजवाल्याचा फोन आला. सगळे सहा फूट दोन इंच करतात म्हणाला. मी पाच फूट सात सांगितलं. हे पाच फूट चार, मी त्याहून बुटकी, पुरतं की. छताचंही तसंच: उंच छत नको, पाच फूट आठ पुरे, वारा कमी लागतो.

भाऊजी सहा फूट आहेत. बाही साडेपंचवीस, पाठ एकोणीस. त्यांचे ड्युटीचे शर्ट मीच शिवायचे, त्यांची मापं मला झोपेत विचारा.

२७ मार्च

गाडी आली! घरी कोणी आणली? भाऊजींनी. नवी गाडी गर्दीतून आणायला ह्यांचा धीर झाला नाही. मी शेजारच्या सीटवर, हे मागून रिक्षाने. भाऊजींनी एकदाही कचकन ब्रेक मारला नाही. सिग्नलला म्हणाले, "छान आहे हो वहिनी. हलकी आहे." वाटेत मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून वाईट वाटत होतं.

घरी आल्यावर आत बघायला गेले. मान वाकवून उभे राहिले, सगळं निरखलं, शेगडीचं बटण फिरवून पाहिलं. बेडवर बसले नाहीत.

२ एप्रिल

पडदे शिवून झाले. भाऊजींनी ह्यांना एक कागद लिहून दिला: हवा कधी तपासायची, तेल कधी बदलायचं, उतारावर कोणता गिअर. अक्षर शाळकरी, ओळी सरळ. शेवटी लिहिलं होतं, "वहिनींच्या गुडघ्याला पायरी उंच पडते. खाली लाकडी ठोकळा ठेवणे." ठोकळाही करून ठेवला आहे.

आज काही लिहवत नाही.

१८ एप्रिल

ह्यांनी फाटकाला गाडी घासली. डावी बाजू दारापासून चाकापर्यंत. मी तोंड सोडलं: नवीकोरी गाडी, लक्ष कुठे असतं! हे म्हणाले, "अगं, फाटक दिसलंच नाही." मी म्हटलं, एवढं मोठं फाटक दिसत नाही का?

 

६ मे

लायसन्सच्या नूतनीकरणाला डोळे तपासले. नापास. तिथल्या माणसाने मोठ्या डॉक्टरकडे जायला सांगितलं. हे हसण्यावारी नेताहेत. भाऊजी हसले नाहीत.

११ मे

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डावा जास्त.

डॉक्टरबाई चांगल्या होत्या, घाई करत नव्हत्या. कडेचं दिसणं आधी जातं म्हणाल्या. माणसाला कळत नाही, कारण समोरचं दिसत असतं. गेलं ते परत येत नाही. थेंब घालायचे, उरलेलं टिकेल तितकं टिकवायचं. किती वर्षं? "सांगता येत नाही. दोन म्हणा, पाच म्हणा." गाडी चालवायची नाही, आजपासून.

ह्यांनी विचारलं, "प्रवास?" शाळेतला मुलगा सुट्टी मागतो तशा आवाजात.

"प्रवास जरूर करा. बघायचंय ते आत्ताच बघून घ्या. मागे बसा निवांत."

मागे बसा! आमच्या गाडीला मागे सीटच नाही.

१२ मे

स्टुलाची ठेच. फाटक; दिसलंच नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मागच्या वर्षी जिन्यावर. दाराच्या चौकटीला खांदा. दर वेळी मी टोमणा मारला, आणि दर वेळी हे हसले. पस्तीस वर्षं माझी नजर दोऱ्याएवढी बारीक, आणि शेजारच्या माणसाचं दिसणं कडेकडेने जात होतं ते मला दिसलं नाही.

२० मे

मी चालवून बघितली. साठाव्या वर्षी! मोकळ्या मैदानात भाऊजी शेजारी बसले. शिलाई मशीनचं पेडल मारून मारून गुडघा गेलाय. क्लच दाबला की वर येत नाही, वर आला की एकदम येतो. तिसऱ्या दिवशी गाडी भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली, तीही भाऊजींनी हँडब्रेक ओढला म्हणून. रागावले नाहीत. "राहू द्या, वहिनी. गुडघा महत्त्वाचा."

२६ मे

गॅरेजवाल्याकडे एकटीच गेले. तिसरी सीट बसवून द्या म्हटलं. त्याने आतून मोजलं, बाहेरून मोजलं, डोकं खाजवलं. सीट बसवायची तर ओटा जातो किंवा बेड जातो. मग राहणार कुठे? मोठी बदलून द्या म्हटलं. मोठी केव्हाच गेली. आणि ही परत घेणार कोण? "बाई, पाच फूट सात इंचांचा बेड, छत एवढंसं. ही गाडी तुमच्या अंगाबरोबर शिवली आहे. दुसऱ्याला कशी बसेल?"

माझंच शास्त्र मला शिकवलं त्याने! मी शाळेचे गणवेश शिवायचे तेव्हा शिलाईच्या आत मार्जिन ठेवल्याशिवाय एक कपडा दिला नाही. अंग बदलतं. उसवून सोडता आलं पाहिजे. नवीन पोरी शिकायला यायच्या त्यांना पहिल्या दिवशी हेच सांगायचे. आणि स्वतःच्या म्हातारपणासाठी गाडी बेतली तिला सुताभराचं मार्जिन ठेवलं नाही. चुकून नाही. मोजूनमापून.

२ जून

गाडी दारात उभी. हे रोज संध्याकाळी शेजारच्या सीटवर जाऊन बसतात. समोरच्या भिंतीकडे बघतात. "विकून टाकू," म्हणाले आज. 

८ जून

मीच विषय काढला. भाऊजी, तुम्ही चालवा.

भाऊजी म्हणाले, "दोनच सीटा आहेत, वहिनी."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला पेलला असता.

हे माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही मागे बेडवर बसेल." त्यावर मात्र भाऊजींचा आवाज चढला, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. "चालत्या गाडीत माणूस बेल्टशिवाय मागे? माझ्या बसमध्ये एक पॅसेंजर पडू दिला नाही मी! आणि वहिनींना मागे टाकू?"

मग खोकले आणि आपल्या खोलीत गेले.

२१ जून

दुपारी भाऊजी बागेच्या नळाशी कपडे धूत होते. जाऊन उभी राहिले. म्हटलं, "भाऊजी, मोठी घ्यायला हवी होती. मी मुद्दाम..."

पुढचं बोलू दिलं नाही. शर्ट पिळत राहिले. "मोठी वळवायला जागा लागते, वहिनी. मी सांगितलं होतं ना?"

तोच खोटेपणा, तसाच, सरळ माझ्या तोंडाकडे बघून. मला रडू आलं ते त्यांच्यासमोरच आलं. त्यांनी बादली उचलली आणि दुसऱ्या दोरीकडे गेले, म्हणजे मला रडता यावं.

२४ जून

हे आज ग्लास उचलायला गेले आणि हात शेजारून गेला. पुन्हा नीट धरला आणि इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघितलं का ते. मी बघितलं होतं. भाऊजींनीही.

३० जून

बेडच्या पायथ्याशी माझ्या कपड्यांचं कपाट होतं, ते काढायला लावलं. बेड फूटभर वाढला. भाऊजींना पाय सरळ करता येतील. उभं मात्र वाकूनच राहावं लागेल, छताला माझ्याकडे इलाज नाही. दोन सीटांवर दोघं भाऊ, मी घरीच, असं सांगून टाकलं. दोघांनी खूप नाही-नाही केलं. आठवडाभर मी कोणाचं ऐकलं नाही.

सकाळी साडेसहाला दोघं भाऊ निघाले. हे काचेला नाक लावून बसले होते.

दार लावून आत आले. घरात आता कोणाचीच अडचण नाही.