नोंद सापडली नाही

५ जानेवारी, सोमवार

एकदाची रुजू झाले. साठी उलटल्यावर माणसं नोकरीतून सुटतात, मी आज नव्याने लागले. विद्यापीठाचं ग्रंथालय, दुसरा मजला, इतिहास विभागाचं टेबल. टेबलावर पाटी आहे : विषय ग्रंथपाल. कोणाचं लक्ष नाही असं बघून मी ती दोनदा पदराने पुसली. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला एवढं माफ असावं.

आमच्या छोट्या वाचनालयात एकतीस वर्षं काढली. आधी फाटकी पुस्तकं शिवायला बसायचे. शिवता शिवता वाचायला लागले आणि जुन्या वर्तमानपत्रांचं वेडच लागलं. त्या वेडापायीच इथल्या मुख्य ग्रंथपाल मॅडमनी वर्षभरासाठी बोलावून घेतलं.

खोली झकास आहे. उंच खिडक्या, खाली नदी, आणि पलीकडच्या काठावरून येणाऱ्या लाँचचा धक्का इथून थेट दिसतो. पुस्तकं फळ्यांवर लावायला एक मामा आहेत, सव्वीस वर्षं इथेच. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, बाई, या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, बसणारा माणूस हळूहळू डावीकडे कलतो, तुम्हीही कलाल. मी म्हटलं, मी मुळातच कललेली आहे, आता सरळ होईन. तेव्हा कुठे हसले.

संध्याकाळी लेकीला फोन केला. ती पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात नर्स आहे. तिने विचारलं, जेवलीस का, आणि आल्या आल्या कुणाला फैलावर घेतलंस का. चोवीस तारखेला, शनिवारी, तिला सुट्टी आहे. माझा नवा चष्मा घेऊन लाँचने येणार आहे. आतापासूनच दिवस मोजतेय.

७ जानेवारी, बुधवार

काम मनासारखं आहे. आज एक मुलगा आला, म्हणे शेतीच्या इतिहासावर लिहायचंय. मी म्हटलं, बाळा, कुठली शेती, कधीची, कुणाची? असा निघालास तर नातवंडं झाल्यावर पदवी मिळेल. दोघांनी बसून प्रश्न सोलत सोलत एका खोऱ्यातल्या विहिरींवर आणला. जाताना पोराचं तोंड उजळलं होतं.

माझा अनुभव असा, की विद्यार्थ्याने आल्या आल्या विचारलेला प्रश्न खरा नसतोच. खरा प्रश्न त्याच्या मागे लाजून उभा असतो. त्याला हाताला धरून पुढे आणायचं, एवढंच आपलं काम.

प्रत्येकाचं एक विचारणा-कार्ड भरायचं असतं. प्रश्न काय, काय काय पाहिलं, शेवटी मिळालं की नाही. मॅडमचं सांगणं एकच : कार्डावर खोटं लिहायचं नाही. हे सांगायला हवं का, असं मला वाटलं. पण त्यांनी ते दोनदा सांगितलं.

९ जानेवारी, शुक्रवार

आज तीनच्या सुमारास एक मुलगी आली. दोन वेण्या, तपकिरी स्वेटर, कोपरावर रफू केलेलं. अंगात कसर असावी, गाल तापल्यासारखे लाल. नदीवरच्या वाहतुकीची माहिती हवी म्हणाली. मी नेहमीप्रमाणे सोलायला बसले. नदीवरची म्हणजे कसली? माल की माणसं? माणसं. कुठल्या घाटावरून? पलीकडून इकडे. कोणत्या काळात? त्यावर तिने चाळीस वर्षांपूर्वीचं एक साल सांगितलं, अगदी काल-परवाचं सांगावं तसं.

तिला एकच गोष्ट बजावली, जी सगळ्यांना बजावते. ऐकीव माहिती शोधनिबंधात चालत नाही. छापील आधार हवा. मी सांगितलं तरी आधार मागायचा. तिने वहीत लिहून घेतलं. इतकी गुणी पोर, की हिच्या आईने काय पुण्य केलं असेल असं वाटलं.

ती बसली होती ती खुर्ची नंतर ओली होती. पाण्याची बाटली सांडली असेल.

१३ जानेवारी, मंगळवार

ती रोज येते. तीनला येते, पाचला कुठे जाते कळत नाही. प्रश्न रोज एक पाऊल पुढे सरकतो. आधी ते साल, मग त्या सालचा जानेवारी, मग त्या महिन्यातला एक धुक्याचा दिवस. मी आपली खूश, पोर शिकतेय म्हणून.

आज खरा प्रश्न पुढे आला.

मी विचारलं, या सगळ्यातून तुला नेमकं काय शोधायचंय? तिने टेबलाच्या कडेवर बोट फिरवत सांगितलं, की तिची आई त्या दिवशी दुपारच्या लाँचने निघालीय. ती आजारी आहे म्हणून आई बघायला येतेय. अजून पोचली नाही. सगळे म्हणतात येतेय, वाटेत आहे. पण कुणी नक्की सांगत नाही. काकू, तुम्ही तेवढं शोधून द्याल?

चाळीस वर्षांपूर्वी निघालेली आई, आणि ही पोर जेमतेम विशीची. खरं तर तिथून उठून जायला हवं होतं. पण ती माझ्याकडे ज्या विश्वासाने बघत होती, त्या नजरेपुढून कोण उठेल? शोधते म्हटलं.

१५ जानेवारी, गुरुवार

सापडलं.

त्या सालच्या वर्तमानपत्रांचा बांधीव खंड तळघरातून मामांनी आणून दिला. देताना माझ्याकडे बघितलं नाही. धुक्यात लाँच एका मालवाहू बार्जवर आदळली. एकोणीस माणसं गेली. यादीत सातवी एक बाई, 'विद्यापीठाच्या रुग्णकक्षात असलेल्या मुलीस भेटण्यास निघाली होती.' सोबत लोकरीची शाल आणि एक डबा.

पुढच्या आठवड्याच्या अंकात, आतल्या पानावर चार ओळी. ती मुलगीही तापाने गेली. प्रकृती नाजूक असल्याने तिला आईची बातमी शेवटपर्यंत सांगण्यात आली नाही.

चार ओळी मी किती वेळा वाचल्या, कोण जाणे. भीती वाटलीच, नाही कशाला म्हणू? पण भीतीच्या आधी त्या पोरीची दया आली. चाळीस वर्षं हे लेकरू वाट बघतंय आणि अजून प्रत्येक जण तिला सांगतोय, येतेय, वाटेत आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

तीनला आली. मिळालं का, विचारलं.

मी नाही म्हटलं.

एकतीस वर्षांत विचारणाऱ्याला कधी खोटं सांगितलं नव्हतं. पण समोर ते तापलेलं तोंड. त्या तोंडाला मी काय सांगणार होते? कार्डावर स्वच्छ अक्षरात लिहिलं : नोंद सापडली नाही. आणि तो खंड मातीपरीक्षणाच्या अहवालांमागे, मागच्या रांगेत ढकलून दिला. चुकीच्या फळीवर ठेवलेलं पुस्तक म्हणजे जळालेल्या पुस्तकासारखंच, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

ती रडली नाही. उलट माझ्या हातावर हात ठेवला. बर्फासारखा, ओला. म्हणाली, काकू, वाईट नका वाटून घेऊ, आपण दोघी मिळून वाट बघू. मग अगदी मायेने विचारलं, की तुमचं कोण येणार आहे?

मी बोलून गेले. लेक येणार आहे, चोवीस तारखेला, लाँचने.

१९ जानेवारी, सोमवार

कार्डांची जुनी पेटी उघडली. तोच प्रश्न, चार कार्डं, चार निरनिराळी अक्षरं. चारही कार्डांवर शेवटी एकच वाक्य. माझं पाचवं.

मामांना धरून बसवलं. आधी उडवाउडवी केली, बाई, मला गुडघेदुखी पुरे आहे म्हणाले. मग सांगितलं. माझ्या आधीच्या बाईंना न्यायला त्यांचे यजमान लाँचने निघाले होते. पलीकडच्या धक्क्यावर लोकांनी त्यांना चढताना पाहिलं. लाँच इकडे लागली, त्यात ते नव्हते. नदी ढवळली, काही मिळालं नाही. त्याआधीच्या सरांचा धाकटा भाऊ, तसाच. त्याआधीचं मला सांगवत नाही म्हणाले.

मी विचारलं, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? म्हणाले, आधीच्या बाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मी का लेकराला असं सांगू शकणार आहे? तुम्ही तरी सांगितलं असतंत का, बाई?

मी पेटी बंद केली.

२० जानेवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत धक्क्यावर गेले. ज्यांचा भाऊ गेला ते सर तिथे बाकावर बसतात असं मामा म्हणाले होते. बसले होते. इस्त्रीचा सदरा, पायांत वेगवेगळे मोजे. मला जागा करून दिली. लाँच लागली, माणसं उतरली, शेवटचा उतरेपर्यंत ते उभे राहिले. मग खाली बसून मला म्हणाले, पुढच्या लाँचला येईल, गर्दीत मागे राहिला असणार.

अकरा वर्षं झाली, असं तिकीटवाल्याने सांगितलं.

लेकीला फोन केला. म्हटलं येऊ नकोस. ती हसायला लागली. आई, पुस्तकांत बसून बसून तू घाबरट झालीस. मी रडले तेव्हा गंभीर झाली. बरं, लाँच नको, लांबच्या रस्त्याने बसने येते, सहा तास जातील तर जातील, झालं समाधान? शपथ घ्यायला लावली.

तरी जीव थाऱ्यावर नाही.

२१ जानेवारी, बुधवार

तिला खरं सांगायचं ठरवलं. आधी खंड आणायला गेले. मातीपरीक्षणाच्या अहवालांमागे नाही. मीच ठेवला होता, या हातांनी. फळी ओली आहे. खंड नाही.

तीनला आली. खंड नसतानाच सांगितलं सगळं. लाँच, धुकं, सातवं नाव, शाल. तिने शांतपणे ऐकलं. मग वही उघडली आणि म्हणाली, काकू, आधार?

मी म्हटलं, पोरी, मी डोळ्यांनी वाचलंय.

म्हणाली, तुम्हीच शिकवलंत ना, तुम्ही सांगितलं तरी मानायचं नाही. शिवाय तुमच्या कार्डावर तर वेगळं लिहिलंय. चिडून नव्हे, गुणी मुलीसारखं म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. माझ्या एका खोट्याने माझं खरंही मोडीत निघालं.

२२ जानेवारी, गुरुवार

दुसरी प्रत कुठे असेल? वर्तमानपत्राच्या कचेरीत विचारलं, जुन्या इमारतीबरोबर गेली म्हणाले. नगरवाचनालयात त्या तिमाहीचा खंड नाही. आधी-नंतरचे आहेत. तेवढाच नाही.

मामाही शोधताहेत. गुडघा धरून तळघरात तीन खेपा केल्या. मॅडमना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. मग म्हणाल्या, म्हणूनच मी दोनदा सांगितलं होतं.

२३ जानेवारी, शुक्रवार

फळी न् फळी. हातांना धूळ, डोळे चुरचुरतात.

ती माझ्या मागे मागे फिरते. मदत करते. उंचावरचं काढून देते. मी थकून बसले तर पदर सावरते. ताप अंगात असून माझीच काळजी. मध्येच विचारलं, तुमची लेक कुठल्या लाँचने येणार? सकाळच्या की दुपारच्या?

बसने येणार आहे, मी सांगितलं.

तिने नुसती मान हलवली, परवा तिच्या आईबद्दल ऐकताना हलवली होती तशी.

लेकीचा फोन आला. पहाटेची बस धरते म्हणाली.

२४ जानेवारी, शनिवार, सकाळ

लेकीच्या खोलीतल्या मैत्रिणीचा फोन. बस चुकली. आई उगाच घाबरते, दुपारी अचानक जाऊन उभी राहते म्हणून लाँचने —

लेकीचा फोन लागत नाही. मी धक्क्यावर आहे. सर शेजारी. धुकं नाही, लख्ख ऊन आहे. लख्ख ऊन आहे, मग कशाला —

दुपार, सव्वादोन

लाँच लागली. सगळे उतरले. मोजले. परत मोजले.

तिकीटवाला म्हणतो, चढली होती, ताई, निळी पिशवी घेऊन. खिडकीपाशी बसली होती. नदीच्या मध्यावर मी तिकीट फाडून दिलं. मग कुठे —

सरांनी माझा हात धरला. पुढच्या लाँचला येईल म्हणाले. हात सोडवून घेतला. धावले.

तीन

दुसरा मजला. कुणी नाही. ती माझ्या खुर्चीवर बसलीय. माझ्याकडे पाहून उठली नाही. समोरच्या खुर्चीकडे हात केला. मी बसले. खुर्ची ओली.

कोरं कार्ड काढलं तिने. काय शोधायचंय, काकू? मी म्हटलं, माझी लेक. म्हणाली, फार मोठा प्रश्न आहे, थोडा लहान करू. मी लहान केला. आजची लाँच. दुपारची. खिडकीपाशी बसलेली —

ती फळ्यांमध्ये गेलीय. पानं उलटल्याचा आवाज येतोय. मी लिहितेय, कारण हात थांबले तर —

आवाज थांबला.

बराच वेळ झाला. काहीतरी वाचतेय. हुंदका आला. तिचाच.

आली. डोळे पुसून आलीय. एक हात पाठीमागे. खंडाची कड दिसतेय. मी म्हटलं, पोरी, दाखव मला, जे असेल ते दाखव, मी सोसेन —

ती माझ्याकडे बघते आहे. इतक्या मायेने. ही नजर मला ठाऊक आहे, मी स्वतःच तिच्याकडे अशी —

दुसऱ्या हाताने पेन उचललं. कार्डावर शेवटची ओळ लिहितेय. नको, बाळ, ते लिहू नकोस, ते सोडून काहीही —